कारण, सबब आणि समर्थन



मुलामुलींच्या सोयरिकीविषयी बोलण्यास येणाऱ्या आपल्यापैकी काही पालकांच्या मुखातून एक वाक्य मी वारंवार ऐकले आहे : "डॉक्टरसाहेब, आम्ही जात मानीत नाही, पण सोमवंशी की बावणे, एवढे पाहावे लागते. त्याला कारण आहे."

हे कारण नव्हे. वैद्यकात कारण म्हणजे ज्याच्यामुळे रोग जडला ते. क्षयाचे कारण जंतू आहे. म्हणून कोणताही वैद्य क्षयाचे समर्थन करीत नाही. समर्थन म्हणजे एखादी गोष्ट योग्य आहे हे तपासता येईल अशा आधाराने सिद्ध करणे. निर्णय आधी आणि आधार मागाहून शोधला, तर ती सबब. (सरकारी अर्जात 'सबब' म्हणजे 'म्हणून', घरात मात्र टाळाटाळ.) आणि सबबीला शास्त्राचा साज चढविला की ती मखलाशी. मराठीने हे शब्द निरनिराळे राखले असता आपण सर्वांना 'कारण' म्हणून मोकळे होतो.

जपानी भाषाही हा भेद जाणते. 'रियू' म्हणजे कारण, 'कोन्क्यो' म्हणजे आधार, 'ईवाके' म्हणजे सबब. मखलाशीला 'हेरिकुत्सु' म्हणतात; त्याचा शब्दशः अर्थ स्मरणिकेत छापण्याजोगा नाही.

परंतु शब्द असून भागत नाही. १८७१ च्या फर्मानाने येथील अस्पृश्यांची हीन नामाभिधाने रद्द झाली, १९२२ साली क्योतो येथे सुइहेइशा ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली; तरीही बुराकू वस्त्यांच्या गुप्त याद्या कंपन्यांनी विकत घेतल्याचे १९७५ साली उघडकीस आले. विवाहापूर्वीच्या कुळचौकशीसही सबब होतीच : मुलीचे सुख! याहून लज्जास्पद गोष्ट विहारांची. बुराकू मृतांना हीनतादर्शक धम्मनावे देण्यात आली आणि त्याला पूर्वजन्मीच्या कर्माचा साज चढविण्यात आला. तथागतांच्या नावाने केलेली ती मखलाशीच होय. १९७९ साली प्रिन्स्टन येथील जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या प्रतिनिधीने जपानात असा भेदभावच नाही असे सांगितले. पुढे ते विधान मागे घ्यावे लागले.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात श्रमविभागणी आणि वंशशुद्धी ही जातीची दोन्ही समर्थने तपासून फेटाळली. १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माचा सिद्धांतही त्यांनी नाकारला. इतकी साफसफाई करून दिलेल्या घरात आपण पोटजातीची अडगळ पुन्हा आणून ठेवावी काय?

यापुढे माझ्याकडे येणाऱ्यांनी मुलाची प्रकृती विचारावी, शिक्षण विचारावे, शील विचारावे. मला ठाऊक असेल ते अवश्य सांगेन. 'मूळचे कोणते' हे विचारावयाचे असेल, तर चहा घेऊन जावे.