टक्कर कोणाची, जबाबदारी कोणाची?

फुटबॉल क्लबांकडून वृत्तपत्रांच्या मेजावर येणाऱ्या प्रसिद्धीपत्रकांचा एक साचा ठरलेला आहे. खेळाडूला दुखापत झाली, तो वैद्यकीय पथकाच्या देखरेखीखाली आहे, पुढील माहिती योग्य वेळी देण्यात येईल, या कठीण प्रसंगी त्याच्या खासगीपणाचा आदर राखावा. यात असत्य काही नसते. मात्र दुखापत कोणामुळे झाली, मैदानावर डॉक्टर किती मिनिटांनी पोहोचला, रुग्णवाहिका कोठे होती, उपचारांचा खर्च कोण उचलणार, यांपैकी एकाही प्रश्नाला त्यात स्थान नसते. वाक्यातून कर्ता कसा नाहीसा करावा, याचे धडे घ्यायचे असतील तर मराठीच्या विद्यार्थ्याने ही पत्रके जरूर वाचावीत. कर्ता आला की दायित्व येते आणि दायित्वापाठोपाठ वकील येतो. पत्रक प्रसिद्धी विभागाच्या नावाने निघते. पण त्याचे खरे लेखक बहुधा कायदा सल्लागार असतात.

गोव्यातील वाचकांना हा विषय परका वाटू नये. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची अंतिम लढत झाली. धेंपो स्पोर्ट्स क्लबने मोहन बागानला २-० असे हरवले आणि दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या पंचवीस वर्षांच्या ब्राझिलियन आघाडीपटूचे होते. दुसरा गोल करताना पुढे आलेल्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेवर तेव्हा कडाडून टीका झाली. धेंपोने दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. गोलरक्षक सुब्रतो पाल तेव्हा विशीही न गाठलेला मुलगा होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याच्यावर दोन महिन्यांची बंदी घातली. पुढे हाच पाल भारताचा प्रमुख गोलरक्षक झाला, २०११ च्या आशियाई चषकात त्याने नावही कमावले. पण त्या टक्करीची आठवण त्याच्या नावाला चिकटून राहिली ती राहिलीच.

या प्रकरणात मुळात दोन स्वतंत्र प्रश्न होते. गोलरक्षकाने नियमभंग केला का, हा पहिला. कोसळलेल्या खेळाडूवर त्वरित व योग्य उपचार होतील अशी व्यवस्था ठेवण्याचे कर्तव्य कोणाचे होते आणि ते पाळले गेले का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बंदीच्या रूपाने जाहीर झाले. दुसरा प्रश्न टीकेच्या धुरळ्यात विरून गेला. ज्या महासंघाची ती स्पर्धा होती, तोच महासंघ शिक्षा ठरवणाराही होता, हे लक्षात घेतले तर प्रश्न असा का विरतो याचा उलगडा होतो. लोकांच्या रागाला एक चेहरा हवा असतो. तो गोलरक्षकाचा मिळाला की व्यवस्थेचा चेहरा शोधण्याची गरज कोणाला भासत नाही.

त्याचे परिणामही दिसले. १७ मार्च २०१२ रोजी लंडनमध्ये बोल्टनचा फॅब्रिस मुआंबा सामन्यात हृदयक्रिया बंद पडून कोसळला. तब्बल ७८ मिनिटे त्याचे हृदय थांबलेले होते, तरी तो वाचला. कारण मैदानावर प्रशिक्षित पथक होते, विद्युत्‌झटका देणारे उपकरण होते आणि प्रेक्षकांतून एक हृदयरोगतज्ज्ञ धावत खाली आला. त्यानंतर काही दिवसांतच बंगळूरमधील एका स्थानिक लीग सामन्यात बंगळूर मार्सचा डी. व्यंकटेश कोसळला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. सहकाऱ्यांनी त्याला रिक्षातून रुग्णालयात नेले आणि तो दगावला. ज्या शहरात ज्युनियर गेला, त्याच शहरात सात वर्षांनी ही परिस्थिती होती.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २५, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे कलम ८७, संमतीविषयी आहे. अठरा वर्षांवरील व्यक्तीने धोका पत्करण्यास संमती दिली असेल आणि समोरच्याचा हेतू मृत्यू वा गंभीर इजा घडवण्याचा नसेल, तशी शक्यताही त्याला ज्ञात नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. गंमत म्हणजे कायद्याने दिलेले उदाहरण खेळाचेच आहे : दोघे करमणुकीसाठी तलवारबाजी करतात, त्यात नियमांना धरून खेळताना एकाला इजा होते, तो गुन्हा नव्हे. नियमांना धरून, या अटीत सारे मर्म आहे. मैदानात उतरणारा खेळाडू खेळातील धोका पत्करतो, दांडगाई नव्हे. आणि रुग्णवाहिका नसण्याला तर त्याने कधीच संमती दिलेली नसते.

दिवाणी भरपाईचा विचार इंग्लंडमध्ये अधिक झाला आहे. १९८५ च्या काँडन विरुद्ध बासी खटल्यात स्थानिक लीगमधील एका खेळाडूचा पाय मोडल्याबद्दल प्रतिस्पर्ध्याला दोषी धरले गेले आणि खेळाडूंचे परस्परांप्रती काळजीचे कर्तव्य असते हे अपील न्यायालयाने मान्य केले. पण सिद्ध करणे सोपे नसते. चेल्सीच्या पॉल एलियटची कारकीर्द गुडघ्याच्या दुखापतीने संपली. लिव्हरपूलच्या डीन साँडर्सविरुद्धचा त्याचा दावा १९९४ मध्ये फेटाळला गेला. उलट मँचेस्टर युनायटेडच्या बेन कॉलेट या तरुणाचा पाय २००३ मध्ये राखीव संघाच्या सामन्यात मोडला, तेव्हा मिडल्सबरोने आपल्या खेळाडूची चूक मान्य केली आणि २००८ मध्ये न्यायालयाने सुमारे ४३ लाख पौंडांची भरपाई ठरवली. येथे पैसे भरण्याची जबाबदारी क्लबवर आली, कारण खेळाडू हा क्लबचा नोकर होता.

मौनाची किंमत काय असते हे मात्र अयाक्सकडून शिकावे. ८ जुलै २०१७ रोजी ऑस्ट्रियातील एका मैत्रीपूर्ण सामन्यात या डच क्लबचा वीस वर्षांचा अब्देलहक नूरी हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊन कोसळला आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. मैदानावरील उपचार योग्य होते, अशी क्लबची भूमिका जवळपास वर्षभर राहिली. या काळात अयाक्सने जर्सीवर, मैदानावर, समारंभांत नूरीविषयीचे प्रेम मनापासून व्यक्त केले; त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र कुटुंबाला हवे असलेले उत्तर त्या प्रेमात नव्हते. जून २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या अहवालानंतर महाव्यवस्थापक एडविन व्हान डर सार यांनी जाहीर कबुली दिली, की श्वसनाकडे अधिक आणि हृदयाकडे कमी लक्ष दिले गेले, झटका देणारे उपकरण लवकर वापरायला हवे होते आणि क्लब दायित्व स्वीकारतो. तरीही तडजोड व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. रक्कम होती ७८ लाख ५० हजार युरो.

वर्षभराच्या नकाराने अयाक्सचा एक युरोही वाचला नाही, हे जनसंपर्काच्या तज्ज्ञांनी भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. अर्थात, अहवाल येण्याआधी दोष कबूल करावा असे कोणी म्हणणार नाही. पण 'आमचे बरोबरच होते' आणि 'आम्ही तपासत आहोत' या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे.

आपल्याकडे व्यावसायिक फुटबॉलपटू कायद्याने कोण, येथूनच संदिग्धता सुरू होते. नोकरीच्या ओघात झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी हे तत्त्व १९२३ पासून आपल्या कायद्यात आहे. नोव्हेंबर २०२५ पासून ते सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाले. मासिक मानधनावर करारबद्ध असलेला, क्लबच्या आदेशानुसार सराव करणारा खेळाडू त्या अर्थाने कामगार का मानू नये, हा वाद कोणीतरी न्यायालयात नेटाने लढवायला हवा. फिफाच्या नियमांनुसार कराराची वैधता वैद्यकीय तपासणीवर अवलंबून ठेवता येत नाही. देशासाठी खेळताना खेळाडू अठ्ठावीस दिवसांहून अधिक काळ जायबंदी झाला तर फिफाची विमा योजनाही आहे. पण तिचे पैसे क्लबला मिळतात, वेतनाची भरपाई म्हणून. कोणाचे नुकसान आधी मोजले जाते ते यावरून कळावे.

गोव्यात तर करारपटांच्या बाहेरही मोठे फुटबॉल आहे. प्रो लीगमध्ये खेळणारी मुले आंतरग्राम स्पर्धांतही उतरतात; बक्षिसे घसघशीत असतात आणि गावाचा आग्रह मोडवत नाही. तिथे गुडघा गेला तर क्लब म्हणतो, आमच्या परवानगीशिवाय खेळला. आयोजक म्हणतात, तो आमचा खेळाडू नव्हे. मग शस्त्रक्रियेसाठी मित्रमंडळी मदतनिधीचा सामना भरवतात, ज्यात पुन्हा कोणीतरी विम्याशिवाय खेळत असतो.

यावर उपाय महागडा नाही. स्पर्धेला मान्यता देताना गोवा फुटबॉल असोसिएशनने आणि मैदान देताना पंचायतीने व क्रीडा प्राधिकरणाने तीन कागद मागावेत : सामन्यापुरता उतरवलेला अपघात विमा, रुग्णवाहिका व झटक्याचे उपकरण उपलब्ध असल्याचे पत्र, आणि वैद्यकीय जबाबदारी घेणाऱ्या एका व्यक्तीचे नाव व सही. पहिले दोन कागद मिळवणे कठीण जाणार नाही. तिसऱ्यावर सही करायला कोण पुढे येते, ते पाहायचे.