नेसरीचे सात

शालेय स्नेहसंमेलनांत प्रतापराव गुजरांची दौड ठरलेलीच : सात स्वार, सात तलवारी, पडदा. आमच्या सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढला की नेसरी फार दूर नाही. परंतु २४ फेब्रुवारी १६७४च्या त्या रणाविषयी कागद एकमुखी नाहीत. सभासद बखरीत सातांचा आकडाच नाही. तेथे मोठे युद्ध होते, पुष्कळ माणूस पडते. सातांना आधार मिळतो तो नारायण शेणवी यांच्या त्याच वर्षीच्या एप्रिलमधील पत्रात : सरनोबत व आणखी सहा स्वार. पण उरलेली फौज मदतीस आली नाही, असेही तेच पत्र म्हणते! कुसुमाग्रजांच्या कवितेवर वाढलेल्या आम्हा मंडळींना हे वाक्य कोणी दाखविले नाही. बहलोलखानास सोडल्याचा महाराजांचा ठपका सरनोबतांच्या जिव्हारी लागला असेल. तथापि सारे त्यांच्या वेडावर घातले की फौजेला जाब विचारण्याचे कारण उरत नाही. नाटुकले खुशाल व्हावे. तालमीपूर्वी गुरुजींनी हे दोन्ही कागद मुलांना वाचून दाखवावेत.