विश्लेषण : दृष्टिहीन व्यक्ती टचस्क्रीनवर टाइप कसे करतात? टायपिंगच्या वेगाचा प्रश्न थेट न्यायालयापर्यंत का पोहोचला?

बँकेचा ओटीपी, रेल्वेचे तिकीट, कार्यालयातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे उत्तर, परीक्षेचा अर्ज. यातले जवळपास सगळे आता मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर टाइप करूनच होते. २०११च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख होती. ज्यांना ती काच दिसतच नाही, त्यांनी त्यावर लिहायचे कसे आणि तेही वेळेत कसे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो हक्कांचा झाला आहे.

मूळ अडचण काय?

बटनांचे मोबाइल होते तेव्हा '५' या आकड्यावर बारीक उंचवटा असे. अंगठा त्यावर टेकला की बाकीची बटने कुठे आहेत ते आपोआप कळे. संगणकाच्या कळफलकावर 'एफ' आणि 'जे' या कळांवर तशाच रेघा असतात. त्या काळात नोकियाच्या फोनवर बोलणारे सॉफ्टवेअर टाकून अनेक दृष्टिहीन व्यक्ती खिशात हात ठेवून एसएमएस लिहीत. टचस्क्रीन आली आणि बोटाला खूण सांगणारे हे सगळेच गेले. काचेवर 'क' आणि 'म' यांच्यात स्पर्शाचा काहीच फरक नाही. शिवाय काचेला बोट लागले की ते बटन दाबले गेले, असे फोन समजतो. म्हणजे चाचपडून शोधण्याचीही सोय उरली नाही.

त्यामुळे २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा दृष्टिहीनांच्या दृष्टीने ती प्रगती नव्हती, पीछेहाट होती. चित्र बदलले ते २००९ मध्ये. त्या वर्षी आयफोन ३जीएससोबत 'व्हॉइसओव्हर' हा स्क्रीन रीडर फोनमध्येच बसवलेला आला. अँड्रॉइडचा 'टॉकबॅक' त्याच वर्षीचा. मात्र काचेवर बोट फिरवून काय आहे ते ऐकण्याची सोय त्यात २०११च्या सुमारास, अँड्रॉइड ४.० या आवृत्तीपासून आली.

बोलणारा कळफलक कसा चालतो?

स्क्रीन रीडर सुरू केला की काचेचे वागणे बदलते. बोट टेकवले तर बटन दाबले जात नाही, फक्त त्याचे नाव ऐकू येते. टाइप करताना बोट कळफलकावर सरकवत न्यायचे, हवे ते अक्षर ऐकू आले की थांबायचे आणि मग ते 'पक्के' करायचे. हे पक्के करण्याच्या पद्धतीवर वेगाचा बराचसा खेळ अवलंबून आहे.

सर्वात सावकाश आणि सुरक्षित पद्धत म्हणजे अक्षर सापडल्यावर दोनदा टकटक करणे. नवशिक्यांना हीच शिकवली जाते आणि पुष्कळ जण वर्षानुवर्षे तिच्यावरच राहतात. दुसऱ्या पद्धतीत अक्षरावर असताना बोट उचलले की ते लिहिले जाते. दर अक्षरामागे दोन टकटक वाचतात, पण बोट चुकीच्या जागी उचलले तर चूक ठरलेली. तिसरी युक्ती दोन बोटांची : एक बोट अक्षरावर ठेवायचे आणि दुसऱ्याने काचेवर कुठेही टिचकी मारायची. आयफोनवर याखेरीज थेट स्पर्शाचाही पर्याय आहे. त्यात कळफलक डोळस माणसाच्या कळफलकासारखाच वागतो आणि चुका सुधारण्याचे काम फोनच्या स्वयंसुधारणेवर सोडले जाते. बोटांना अक्षरांच्या जागा पाठ झालेल्यांनाच तो मानवतो.

ही निवड सेटिंगमध्ये एका ठिकाणी दडलेली असते आणि ती बदलता येते हेच अनेकांना माहीत नसते. फोन विकणारा ते सांगत नाही, कारण त्यालाही ठाऊक नसते. दृष्टिहीन वापरकर्ते या गोष्टी शिकतात त्या बहुतेक एकमेकांकडूनच.

वेग नेमका कुठे अडतो?

बोटापेक्षा कानात. प्रत्येक अक्षर उच्चारले जाण्याची वाट पाहावी लागते, तोवर बोट थांबते. सराईत वापरकर्ते म्हणून दोन गोष्टी करतात. आवाजाची गती वाढवत नेतात. शेजारी बसलेल्याला ती नुसती किरकिर वाटावी इतकी. दुसरे म्हणजे, लिहिलेले प्रत्येक अक्षर परत बोलून दाखवण्याची सोय बंद करून फक्त पूर्ण झालेला शब्द ऐकतात. ठरावीक मजकुरासाठी लघुरूपे साठवून ठेवणे हाही हुकमी उपाय आहे : दोन अक्षरे लिहिली की पूर्ण पत्ता किंवा ईमेल आयडी उमटतो. घरी किंवा कार्यालयात बसून लांब लिहायचे तर ब्लूटूथ कळफलकासारखे दुसरे काही नाही; पण बसमध्ये उभे राहून तो वापरता येत नाही.

एवढे करूनही अंतर मोठे राहते. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात दृष्टिहीन सहभागींचा पडद्यावरील कळफलकाचा वेग मिनिटाला सरासरी ४.३ शब्द भरला. फोन आणि सॉफ्टवेअर तेव्हापासून सुधारले आहेत आणि सरावाने हा आकडा बराच वाढतो. तरीही एकेक अक्षर ऐकून शोधण्याची पद्धत मुळातच किती संथ आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

मग बोलूनच का लिहू नये?

डोळस माणसाला पहिला हाच प्रश्न सुचतो. त्याच अभ्यासात बोलून लिहिण्याचा वेग मिनिटाला १९.५ शब्द, म्हणजे कळफलकाच्या चौपटीहून अधिक आढळला. पण त्यातला सुमारे ८० टक्के वेळ मजकूर तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला होता. बोलणे झटपट होते. चूक कुठे झाली ते ऐकून शोधणे, तिथवर कर्सर नेणे, चुकीचा शब्द पुसून नवा घालणे हे मात्र पुन्हा त्याच काचेवर बोटाने करावे लागते.

गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून टाइप करण्याची सोय दिली आणि मराठीत लिहिणाऱ्या दृष्टिहीनांना तिचा मोठाच आधार झाला, हे मान्य केले पाहिजे. पण लोकलच्या डब्यात, वर्गात, साहेबांसमोर किंवा दवाखान्याच्या रांगेत बोलून काय काय लिहिणार? आजाराचे नाव, पगाराचा आकडा, घरातले भांडण, पासवर्ड. जे डोळस माणूस मुकाट्याने लिहितो, ते दृष्टिहीनाने चारचौघांत मोठ्याने सांगावे, ही अपेक्षाच बरोबर नाही. वेगासोबत खासगीपणाही मोजायला हवा.

सहा बोटांचा ब्रेल कळफलक काय आहे?

या दोन्ही अडचणींवरचा सर्वात चांगला तोडगा १८२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिपीत सापडला आहे. लुई ब्रेल यांच्या लिपीत प्रत्येक अक्षर सहा टिंबांच्या चौकटीतले असते : डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. सहा टिंबांच्या ६३ जुळण्या होतात. १९५१ पासूनच्या पर्किन्स ब्रेलर या यंत्राला म्हणूनच सहा कळा आहेत. एका अक्षराची टिंबे वेगवेगळ्या बोटांनी एकदम दाबायची. पेटीवर सूर धरावा तसे.

हेच काचेवर आणले तर बोटाने काही शोधावेच लागत नाही. फोन आडवा धरायचा, पडदा आपल्यापासून दूर, समोरच्याकडे करायचा, दोन्ही हातांची तीन-तीन बोटे काचेवर आणायची. डाव्या हाताची तर्जनी म्हणजे टिंब १, मधले बोट २, अनामिका ३. उजव्या हाताची तीच बोटे ४, ५, ६. बोटे जिथे टेकतात तिथेच फोन टिंबे मानून घेतो. फोन टेबलावर सपाट ठेवूनही लिहिता येते. एक बोट उजवीकडे सरकवले की शब्दांमधली जागा, डावीकडे सरकवले की मागचे अक्षर पुसले जाते.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत २०१२च्या सुमारास झालेल्या 'ब्रेलटच' प्रयोगात ब्रेल टायपिंग येणाऱ्यांनी मिनिटाला ३२ शब्दांपर्यंत वेग गाठला, अचूकता ९२ टक्के होती. ॲपलने २०१४ मध्ये आयओएस ८ सोबत ही सोय फोनमध्येच दिली. अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये ती यायला एप्रिल २०२० उजाडले आणि तेव्हाही सुरुवात फक्त इंग्रजीने झाली. भारतात बहुसंख्य फोन अँड्रॉइडचे आहेत, हे लक्षात घेतले की मधल्या सहा वर्षांचा अर्थ कळतो. महागडा फोन परवडणाऱ्यांना जे २०१४ मध्ये मिळाले, ते बाकीच्यांना २०२० पर्यंत फोनसोबत मिळाले नाही.

मराठीसाठी ही पद्धत कितपत उपयोगी?

खरे तर इंग्रजीपेक्षा जास्त, असे म्हणता येईल. मराठीचा पडद्यावरचा कळफलक म्हणजे स्वर, व्यंजने आणि मात्रा यांची दाटी. इंग्रजीच्या २६ अक्षरांच्या जागा पाठ करता येतात, इथे कळा लहान आणि संख्येने दुपटीच्या घरात. पुष्कळ दृष्टिहीन मराठी भाषक रोमन लिपीत मराठी लिहितात त्याचे एक कारण हे आहे.

भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये स्वर आणि त्याची मात्रा यांसाठी एकच चिन्ह आहे. 'ई' हे अक्षर आणि 'की' मधली वेलांटी दोन्ही ३-५. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, म्हणजे एका दाबात जोडाक्षर. इतर जोडाक्षरांत हलंताचे टिंब ४ आधी येते : 'मस्त' लिहिताना म, मग हलंत, मग स आणि त. पडद्यावरच्या कळफलकावर तोच हलंत 'स'नंतर दाबावा लागतो. शाळेत ब्रेल शिकलेल्याला या उलट्या क्रमाची वेगळी सवय करून घ्यावी लागते.

आणखी एक मुद्दा शुद्धलेखनाचा. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक उच्चारात नीट उमटत नाही. फोनच्या आवाजात तर 'कि' आणि 'की', 'श' आणि 'ष' जवळपास सारखेच ऐकू येतात. केवळ ऐकून भाषा शिकलेल्या विद्यार्थ्याच्या लेखनात या चुका राहतात आणि त्याचे गुण जातात. ब्रेलमध्ये ऱ्हस्व 'इ' म्हणजे २-४ आणि दीर्घ 'ई' म्हणजे ३-५. कानाला न कळणारा फरक बोटाला कळतो. फोन बोलू लागले, आता ब्रेल कशाला, असे म्हणणाऱ्या शाळांनी या गोष्टीचा विचार करायला हवा. ब्रेल न शिकलेल्या मुलाला उद्या फोनवरचा सर्वात वेगवान कळफलक वापरता येणार नाही.

ब्रेलचे मजकुरात रूपांतर करणाऱ्या 'लिबलुई' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठीचा तक्ता आहे. फोनवर मराठी ब्रेल मिळते की नाही हे मात्र कंपनी, आवृत्ती आणि सेटिंगमधल्या भाषांच्या यादीवर ठरते. उतारवयात दृष्टी गेलेल्यांसाठी हा मार्ग अवघड आहे. त्यांना बोट उचलून टाइप करणे आणि बोलून लिहिणे यांचीच सांगड घालावी लागते.

ओटीपीचा आणि वेगाचा संबंध काय?

सहा आकडे टाइप करायला डोळस माणसाला चार-पाच सेकंद लागतात. दृष्टिहीनाला आधी एसएमएस उघडून ऐकावा लागतो, आकडे लक्षात ठेवून ॲपवर परतावे लागते, रकाना शोधावा लागतो (परतल्यावर स्क्रीन रीडर पुष्कळदा पानाच्या माथ्यावर जाऊन बसतो), मग एकेक आकडा. तोवर मुदत संपते. काही ॲपमध्ये सुरक्षेच्या नावाखाली आकड्यांच्या जागा दर वेळी बदलतात, म्हणजे पाठांतरही फुकट. काहींत कॉपी केलेला ओटीपी पेस्ट करता येत नाही. चित्रातला कॅप्चा ही तर सरळ भिंतच. अशा वेळी माणूस शेजाऱ्याला फोन देतो आणि ओटीपी कोणालाही सांगू नका, हा बँकेचा उपदेश तिथेच मोडतो.

वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत, डब्ल्यूसीएजीमध्ये, यावर तोडगा आहे. वेळमर्यादा वापरकर्त्याला बंद करता यावी, किंवा मूळ मर्यादेच्या किमान दहापट वाढवता यावी, किंवा संपण्याआधी सूचना देऊन मुदत वाढवण्यासाठी निदान २० सेकंद मिळावेत. ऑक्टोबर २०२३ मधल्या २.२ आवृत्तीने लॉगिनसाठी काही पाठ करणे किंवा कोडे सोडवणे ही सक्ती नसावी, असेही म्हटले. पेस्टची मुभा देणे हा त्यातला साधा उपाय. यासाठी नवे संशोधन लागत नाही.

कायदा आणि न्यायालय काय सांगतात?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६च्या कलम ४२ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेची जबाबदारी सरकारवर आहे. भारतीय मानक ब्युरोचे 'आयएस १७८०२' हे मानक २०२१-२२ मध्ये आले आणि मे २०२३ मध्ये नियमांत समाविष्ट झाले. मात्र ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातली मार्गदर्शक तत्त्वे शिफारशीच्या स्वरूपाची होती. बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश तेव्हा दिला गेला.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने डिजिटल केवायसीबाबतच्या दोन याचिकांवर निकाल दिला. एक याचिका ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि इतरांची. डोळे मिचकावून 'जिवंत' असल्याचे सिद्ध करा, ही ॲपची अट त्यांना पाळता येत नव्हती. दुसरी अमर जैन या पूर्णतः दृष्टिहीन वकिलांची. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि २० निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय, अंगठ्याच्या ठशाला मान्यता, कागदी केवायसीची सोय चालू ठेवणे, प्रमाणित तज्ज्ञांकडून ठरावीक काळाने सुलभतेची तपासणी, यंत्राने नाकारलेल्या अर्जाची माणसाकडून फेरतपासणी हे त्यातले काही. आणखी एक निर्देश या विषयाच्या सर्वात जवळचा आहे : ॲप किंवा संकेतस्थळ बाजारात आणण्यापूर्वीच्या चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सामील करून घ्यावे. ओटीपीची मुदत किती सेकंदांची असावी, हे त्या खोलीत ठरते.