अधिकाराआधी ज्ञान

मुलींच्या पथकांनी स्वयंपाक, शिवणकाम व प्रथमोपचार यांचे बिल्ले मिळवावेत. राज्यकारभाराशी त्यांना काय कर्तव्य? हा सूर आम्हांस आजही ऐकू येतो. आम्ही त्याचा ठाम निषेध करतो.

अमेरिकेत ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १९१२ साली सव्हाना येथे मुलींच्या स्काऊट चळवळीचा पाया घातला. पुढच्याच वर्षी निघालेल्या चळवळीच्या मार्गदर्शिकेत पाकक्रिया व बालसंगोपन यांच्या पंगतीला नागरिकशास्त्राचाही बिल्ला होता. त्यासाठी राज्यघटनेची उद्देशिका मुखोद्गत हवी, मतदाराची पात्रता सांगता यावी, राष्ट्राध्यक्ष कसा निवडला जातो हे ठाऊक असावे, अशा अटी होत्या. त्या वेळी बहुतेक राज्यांत या मुलींच्या मातांना पूर्ण मताधिकार नव्हता. स्त्री म्हणून मत नाकारण्यास मनाई करणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती १९२० साली संमत झाली.

अधिकाराआधी ज्ञान आले, ते असे. ‘हक्क मिळाल्यावर शिकवू’ म्हणणारे वस्तुतः हक्कच लांबणीवर टाकीत असतात. मात्र, पालकहो, निव्वळ घोकंपट्टीने मिळालेला बिल्ला म्हणजे कापडाचा तुकडा! मुलीने सभागृहात बसून कारभार पाहावा, निर्भयपणे प्रश्न विचारावा. मगच तो तिच्या बाहीवर शोभेल.