करार सरकारचा झाला, नाते आयटीआयचे जुळवा

मा. संचालक,
व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, मुंबई



२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. १०,००० जणांना तिकडे काम मिळवून द्यायचे ठरले, जर्मन भाषेचे वर्गही सुरू झाले. सारी नोकरी फिटरच्या वर्कशॉपमध्ये केलेल्या माझ्यासारख्या शिल्पनिदेशकाला याचा मनापासून आनंद झाला. पण या सगळ्यात आयटीआय नावाच्या संस्थेने नेमके काय करायचे, हे मला कुठे सापडले नाही. परदेशाशी सहकार्य म्हणजे उमेदवारांची रवानगी, असेच आपण धरून चाललो आहोत, आणि ते बदलावे म्हणून हे पत्र.

खरी अडचण व्हिसाच्या आधीच उभी राहते, ती प्रमाणपत्राची. आपल्या फिटरला जवळचा जर्मन व्यवसाय म्हणजे इंडस्ट्रिमेकानिकर. त्याचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे. शिकाऊ मुलगा आधी कंपनीशी करार करतो, विद्यावेतन घेत बराचसा काळ कारखान्यात शिकतो आणि ठरलेल्या दिवशी व्यवसायशाळेत जातो. आपला फिटर दोन वर्षांचा आणि मुख्यतः संस्थेच्या वर्कशॉपमध्ये घडलेला. न्युरेम्बर्गची आयएचके फोसा ही संस्था अशी परदेशी प्रमाणपत्रे तिकडच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहते. पुरेसे जुळले तर अंशतः मान्यता देते आणि काय कमी पडते ते लेखी कळवते. ही उणीव पुढे भरून काढता येते. प्रत्यक्ष कामाचा अनुभवही त्यात धरला जातो, मात्र तो कामवार लिहिलेला हवा. आपला मुलगा चाकणला किंवा वाळूजला अप्रेंटिस म्हणून न्यूमॅटिक सर्किट जोडतो, गिअरबॉक्स उघडतो, बेअरिंग बदलतो, शाफ्टचे अलाइनमेंट करतो. त्याच्या अनुभवपत्रावर मात्र तारखा आणि ‘काम समाधानकारक’ एवढेच असेल, तर शिकलेले सारे असूनही सिद्ध करता येत नाही.

इथे संस्थेचे काम सुरू होते. एका आयटीआयने एकाच ट्रेडसाठी तिकडच्या एका व्यवसायशाळेशी थेट नाते जोडावे. दोन्हीकडच्या शिक्षकांनी अभ्यासक्रम समोर ठेवून ओळीने तपासावेत. कमी पडणारे भाग इथेच, जवळच्या कारखान्याच्या मदतीने शिकवावेत आणि अनुभवपत्राचा नमुना दोघांनी मिळून ठरवावा. मुंबईत बसून सर्व ट्रेडसाठी एकदम हे होणार नाही.

म्हणूनच आधी शिल्पनिदेशकांना पाठवा. एक मुलगा गेला तर एका घराचे दिवस पालटतात, आणि ते मोलाचेच आहे. पण काही महिने जर्मन वर्कशॉपमध्ये राहून आलेला निदेशक दरवर्षी नव्या तुकडीला ते शिकवतो. परदेशी न जाणाऱ्या मुलांनाही त्याचा लाभ होतो, आणि संख्येने तीच मुले नेहमी जास्त असणार.

जर्मनीतल्या मुलांनीही इकडे यावे. युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस कार्यक्रमात आता व्यावसायिक शिक्षणाच्या मान्यताप्राप्त संस्थांना अनुदानातला काही भाग युरोपबाहेरच्या प्रशिक्षणासाठी वापरता येतो. तिकडच्या शिकाऊ मुलांनी आमच्या वर्कशॉपमध्ये, आमच्या मुलांसोबत एकाच व्हाइसवर काम का करू नये? मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. बॉशचा कारखाना नाशकात आहे, मर्सिडीजचा चाकणला. ओळख नव्याने करून घ्यायची गरजच नाही.

जपानच्या बाबतीतही हेच. २०१७ च्या भारत-जपान करारानंतर तांत्रिक प्रशिक्षणार्थी म्हणून आपली मुले तिकडे जाऊ लागली. त्यांच्या अनुभवाची नोंद त्यांच्या मूळ संस्थेत राहायला हवी. गेलेल्या मुलाचा आयटीआयशी संबंध टिकला, तर पुढच्या मुलाला एजंटच्या दारात पैसे मोजत उभे राहावे लागणार नाही. कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या आईबापांसाठी मला हे फार महत्त्वाचे वाटते.

माझी विनंती मर्यादित आहे. नाशिक, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर येथील एकेक शासकीय आयटीआय निवडा. तिथल्या प्राचार्यांना परदेशी शाळेशी स्वतः पत्रव्यवहार आणि करार करण्याचा अधिकार द्या. निवडलेल्या निदेशकांना भाषा शिकण्यासाठी पगारी वेळ द्या आणि त्यांच्या जागी शिकवणारा माणूस आधी नेमा, म्हणजे तुकडी बंद राहणार नाही. अभ्यासक्रम ताडून पाहण्याच्या कामात निवृत्त निदेशकांची मदत हवी असेल, तर मी विनामोबदला यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (फिटर)