तलावातला मासा फुकटचा नसतो; गरीच्या छंदाला गावानेच नियम लावावा

नागपूर : रविवार उजाडला की शहरातून गाड्या निघतात. कोणी रामटेकच्या खिंडसीकडे, कोणी हिंगण्यातल्या मोहगाव झिल्पीकडे, तर कोणी उमरेडच्या मकरधोकड्याकडे. गाडीच्या डिक्कीत घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि रीळ लावलेली काठी. तलावाच्या पाळीवर बसायचे, गरी पाण्यात सोडायची आणि तरंगणाऱ्या बोंडाकडे पाहत दोन-चार तास काढायचे. मोबाइल खिशात, डोक्यातली कटकट घरी. मासा लागला तर ठीक, नाही लागला तरी दिवस चांगला गेला.

या छंदात वाईट काही नाही. दारू-पत्त्यापेक्षा तो कधीही बरा. पण ज्या पाण्यात ही गरी पडते त्या पाण्यातला मासा कोणाचा, हा प्रश्न आता गावागावांत निघू लागला आहे. पाळीवर बसणाऱ्याला वाटते, तलाव सरकारी, मासा देवाचा. ठेका घेतलेल्या मच्छीमार सोसायटीच्या माणसाला वाटते, हा आपल्या बीजाचा मासा चोरून नेतो. दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात. म्हणून भांडण होण्याआधी हिशेब समजून घेणे बरे.

मासा येतो कुठून?

आपल्या तलावात गरीला लागतात ते बहुतेक कार्प कुळातले मासे. कतला, रोहू, मृगल हे तीन देशी आणि सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प हा बाहेरून आलेला. कतल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या पाण्यात, मृगल तळाशी. म्हणून तिघांना एकाच तलावात वाढवता येते, एकमेकांच्या ताटात हात जात नाही.

पण यात एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कतला, रोहू आणि मृगल साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत. त्यांना पावसाळ्यातल्या पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे बांध घातलेल्या तलावात ते आपोआप वाढत नाहीत. पूर्वी नद्यांमधून बीज गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्यात यश मिळवले आणि बीज केंद्रांचा रस्ता खुला झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून 10 जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिवस पाळतात.

म्हणजे आज तलावात जो रोहू गरीला लागतो, तो कोणीतरी विकत आणून सोडलेला असतो. आधी मत्स्यजिरे, मग बोटाएवढी बोटुकली. सोसायटी ठेक्याची रक्कम भरते, बीज आणते, पावसाळ्यात सोडते, सांडव्याला जाळी लावते, रात्रीची राखण करते. पाऊस जास्त झाला तर मासा सांडव्यातून वाहून जातो, कमी झाला तर उन्हाळ्यात तलाव आटून मरतो. शेतीसारखाच हा जुगार. फरक एवढाच की पीक पाण्याखाली असते, म्हणून दिसत नाही.

शासनानेही आता हे मान्य केले आहे. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मच्छीमाराला मिळाव्यात, हा त्यामागचा हेतू. मासळी जर पीक आहे, तर तलाव हे वावर झाले. मग वावराचा साधा कायदा तिथेही लागतो.

मूठभर सोले आणि पोतेभर सोले

आपल्याकडे धुऱ्यावरून जाणाऱ्याने मूठभर हरभरा उपटून सोले खाल्ले तर शेतकरी रागावत नाही. उलट आणखी घे म्हणतो. पण तोच माणूस पोते घेऊन वावरात शिरला तर शेतकरी काठी काढतो. गरीचेही तसेच आहे.

कागदावर हिशेब करून पाहा. समजा एका तलावावर दर रविवारी दहा छंदी माणसे येतात आणि प्रत्येक जण सरासरी दोन किलो मासा घरी नेतो. एका रविवारचे वीस किलो झाले. वर्षाचे पन्नास रविवार धरले तर दहा क्विंटल. किलोला 150 रुपये भाव धरला तर दीड लाख रुपये. लहान तलावाच्या सोसायटीसाठी हा बीजाचा आणि ठेक्याचा पैसा असू शकतो. नेणाऱ्याला मात्र दोनच किलो दिसतात.

ही रक्कम जाते कोणाच्या खिशातून? ढिवर, भोई, कहार, केवट या समाजांच्या घरांतून. यातल्या अनेकांकडे शेती नाही किंवा नावापुरती आहे. तलाव हेच त्यांचे वावर.

गावच्या माणसाचा हक्क वेगळा

इथे एक धोका आहे. शहरातल्या छंदी माणसाला आवरायचे म्हणून उद्या सरसकट बंदीची पाटी लागली तर मार बसेल तो गावातल्याच गरिबाला. बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ घेऊन संध्याकाळच्या कालवणापुरते मासे धरणारा म्हातारा किंवा शाळा सुटल्यावर पाळीवर बसणारे पोट्टे हे चोर नव्हेत.

पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हजारो तलाव आहेत. पुढे मालगुजारांकडे गेले आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. म्हणून आजही त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. त्या वेळी गावकऱ्यांचे पाण्याचे, चराईचे, मासळीचे वहिवाटीचे हक्क निस्तारपत्रकात नोंदवले गेले. जंगलालगतच्या गावांसाठी 2006 च्या वनहक्क कायद्यातही सामूहिक हक्कांत पाणवठ्यातल्या मासळीचा स्पष्ट उल्लेख आहे. गावाचे निस्तारपत्रक तलाठ्याकडे मागून एकदा वाचले पाहिजे. आपला हक्क काय हे माहीत नसेल तर तो कोणीही हिरावून घेतो.

याचे मोठे उदाहरण जिल्ह्यातच आहे. पेंच राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोह जलाशयात 305 आदिवासी कुटुंबांना मध्य प्रदेश शासनाने मासेमारीचे परवाने दिले होते. त्याविरुद्ध पर्यावरणवादी सर्वोच्च न्यायालयात गेले. 1997 मध्ये न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. मात्र फोटोचे ओळखपत्र, रोजच्या मासळीची नोंद अशा अटी घातल्या. पोटाचा प्रश्न असेल तर न्यायालयही आधी ऐकून घेते. छंदाला ती सवलत नाही. त्यामुळे हौशी मंडळींनी पेंच उद्यानाच्या हद्दीत काठी घेऊन जाऊच नये. तिथे गरी टाकली तर वनगुन्हा दाखल होऊ शकतो.

मुंबई आणि विलायतेत काय करतात?

छंद आणि नियम एकत्र नांदू शकतात. मुंबईच्या पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गरीवाल्यांची संस्था अनेक दशकांपासून आहे. तिथे उठला आणि बसला असे चालत नाही. सदस्य व्हावे लागते, नियम पाळावे लागतात.

इंग्लंडमध्ये तर हा मोठा छंद. तिथे 13 वर्षांवरच्या कोणालाही गोड्या पाण्यात काठी टाकायची तर सरकारी परवाना लागतो. वर तलावाच्या मालकाचे दिवसाचे तिकीट वेगळे. आणि कार्प मासा बहुतेक लोक घरी नेतच नाहीत. पकडायचा, वजन करायचे, फोटो काढायचा आणि पाण्यात परत सोडायचा. तोच मासा दहा वेळा दहा माणसांना आनंद देतो आणि मालकाला दहा तिकिटे मिळवून देतो.

आपल्याकडे काय करता येईल?

पहिले, सोसायटीने दिवसाचे तिकीट काढावे. बसण्याचे समजा 100 रुपये. मासा परत सोडला तर एवढेच. घरी न्यायचा असेल तर तोलून, बाजारभावाने वेगळे पैसे. वरच्या हिशेबातल्या दहा माणसांचे वर्षाचे तिकीटच 50 हजार रुपये होते आणि मासाही तलावातच राहतो. मात्र त्याआधी ठेक्याच्या अटी तपासून सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्यावी. तोंडी होकारावर पावतीपुस्तक छापू नये.

दुसरे, गावातल्या बांबूच्या काठीला तिकीट नको. ग्रामसभेत ठराव घेऊन कालवणापुरती सूट लिहून ठेवावी. लिहिलेले नसले की वाद होतो.

तिसरे, तिलापिया लागला तर परत सोडू नये, खुशाल न्यावा. तो साचलेल्या पाण्यात भराभर वाढतो आणि रोहू-कतल्याचे खाद्य खातो. छंदी माणसाने तो काढला तर सोसायटीचे कामच होते.

चौथे, चढणीच्या दिवसांत काठी घरी ठेवावी. पहिल्या मोठ्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे नाल्यातून वर चढतात. तेव्हा एक मादी मारली की हजारो पिल्ले गेली. मे महिन्यात पाणी उथळ आणि गरम असते, तेव्हाही सोडलेला मासा वाचणे कठीण.

पाचवे, मासा सोडायचा तर नीट सोडावा. हात आधी ओले करावेत, मासा मातीत आपटू देऊ नये, गरी हळूच काढावी. तुटलेली तंगूस तिथेच टाकू नये. ती बगळ्याच्या आणि पाणकावळ्याच्या पायात अडकते, चरायला आलेल्या बकरीच्या पोटातही जाते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, गाळात आणि सांडव्याच्या उतारावर एकट्याने उतरू नये. तलावात बुडाल्याच्या बातम्या जिल्ह्यात दरवर्षी येतात. सोसायटीच्या माणसाला खोल जागा ठाऊक असते. तिकीट फाडताना त्याने ती दाखवली तर एखादा जीव वाचेल.

प्रश्न पैशाचाच नाही

गरीवाल्याला पाळीवर जी शांतता मिळते ती आयती नाही. कोणीतरी पाळ राखली, बीज सोडले, सुरुंग आणि विष घालून मासे मारणाऱ्यांना हाकलले, म्हणून ते पाणी जिवंत आहे. तिकीट हा त्या राखणीतला वाटा आहे. तो दिला की शहराचा माणूस पाळीवर पाहुणा म्हणून बसेल आणि ढिवराचा पोट्टाच त्याला रोहू कुठल्या कोपऱ्यात चरतो ते सांगेल. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला एक अर्ज पुरतो. बीज तलावात पडण्याआधी नियम ठरले तर पुढचे वर्षभर पाळीवर भांडण होणार नाही.