उभ्या गाडीचा खर्च

मोहालीच्या नॉलेज सिटीत माझा भाचा संशोधन करतो. गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो, तर त्याने एक गाडी हेरून ठेवली होती. परदेशी बनावटीची, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार, वय तेरा वर्षं. "मामा, नव्या इनोव्हाच्या पैशांत येतेय!"

चंडीगडला गाड्यांचं वेड फार. ऑगस्ट २०२५ मध्ये सीएच०१-डीए-०००१ या नुसत्या क्रमांकासाठी लिलावात ३६ लाख ४३ हजार रुपयांची बोली लागली. अशा शहरात त्याला हा सौदा स्वस्त वाटला, यात नवल नाही. पण तेरा वर्षांत उतरली ती गाडीची किंमत; तिच्या सुट्या भागांची नव्हे. ब्रेकची डिस्क, हेडलाइट, गिअरबॉक्स आजही कोटीच्या गाडीच्याच भावात मिळतात.

सचिनची फेरारी आठवते? ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये फियाटने त्याला ३६० मोडेना दिली. १ कोटी १३ लाखांच्या आयात शुल्काच्या माफीवर घरोघरी वाद झाले. शेवटी ते शुल्क फियाटने भरलं. पण त्या गाडीचा टायमिंग बेल्ट साधारण दर तीन वर्षांनी बदलावा लागतो, गाडी जागची हलली नसली तरी, हे तेव्हा कुणी बोललं नाही. आधीच्या ३५५ मध्ये तर त्या कामासाठी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. आपण खर्च किलोमीटरवर मोजतो, आणि या गाड्या झिजतात कॅलेंडरवर. भाच्याने पाहिलेली गाडी फार कमी चालली होती, टायरची नक्षी जवळजवळ कोरी. आम्ही टॉर्च लावून टायरच्या कडेचे चार आकडे वाचले: ३४१७. म्हणजे २०१७ सालचा चौतिसावा आठवडा. रबराला बारीक भेगा होत्या. ताशी दोनशेच्या वर जाणाऱ्या गाडीत त्या टायरवर माझ्या बहिणीचा मुलगा बसणार, या विचाराने पोटात गोळा आला.

विम्याचं गणितही उलटंच. एवढ्या जुन्या गाडीला 'झिरो डेप', म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा मिळत नाही. मग प्लास्टिक-रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, दहा वर्षांवरच्या गाडीत धातूच्या भागांवरही निम्मा. दुरुस्ती विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेली की गाडी 'टोटल लॉस'. भाग महाग आणि गाडीची किंमत उतरलेली, म्हणून ती रेषा एका साध्या धडकेतही ओलांडली जाते.

"तुमच्या प्रयोगशाळेत एएमसीचा, वार्षिक देखभालीच्या कराराचा, आकडा न विचारता यंत्र घेता का?" मी विचारलं. तो गप्प झाला. किमतीच्या निदान चौथाईएवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवता आली तरच घे, असं त्याला सांगून आलोय. जुन्या मालकाकडून त्याने सर्व्हिसिंगची सगळी बिलं मागितली आहेत. अजून आलेली नाहीत.